दारातले स्पीकर बदलले अन् बेसच गायब?

लातूरकर: गाडीत साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर (दारातला मोठा वेगळा अन् उंच सुरांचा छोटा, म्हणजे ट्विटर, वेगळा) टाकले, ट्विटर डॅशवर काचेकडं तोंड करून बसवलेत. आवाज लई टोचायलाय अन् बेस तर जुन्या स्पीकरपेक्षा बी कमी. औसा रोडला जरा व्हॉल्यूम वाढवला की दार खडखडतंय. ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) घेऊ का?

नांदेडवाला: ॲम्प राहू दे. बॅलन्स पूर्ण एका साइडला फिरव, बेस वाढला तर एका दाराची वायर उलटी जोडलीय समज, एका स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर अन् दुसऱ्याचा आत हलतो म्हणून बेस कटतो. माझं नेमकं हेच झालतं, बसवणारा घाईत होता.

उदगीरचा_गडी: ट्विटरचा आवाज काचेवर आपटून येतो म्हणून टोचतो. ए-पिलरला (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाला) टेपनं चिकटवून दोन दिवस ऐक, मगच भोक पाड. हायपास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेव. खडखड थांबवायला दाराला ब्युटाइलची (रबरासारखी) शीट लाव, डांबरी नको, आपल्याकडच्या मे महिन्यात ती सुटून खाली येती, अन् दाराखालची पाणी जायची भोकं बुजवू नको. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरचा आवाज कानाला एकाच वेळी पोचवायची सेटिंग) असल तर जवळचा स्पीकर लेट कर, अंतरातल्या 34 सेंमी फरकाला साधारण 1 मिलिसेकंद.

लातूरकर: डावी वायर उलटीच निघाली राव 😅 ट्विटरचं रविवारी बघतो.