जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर रेघा उरतात, पॅलेट पांढरी होते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

२००० सालाच्या आसपासचं एक पान-मांडणीचं सॉफ्टवेअर अजून रोजच्या वापरात आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या निघणं कधीच थांबलंय. ‘नवीन घ्या की’ हे उत्तर कृपया नको. जुन्या फायलींतला मजकूर ८-बिट, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या, फॉन्टांत आहे, नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की ओळी भलतीकडे तुटतात आणि अख्खं पुस्तक परत तपासावं लागतं.

संगणक बदलल्यापासून गोंधळ सुरू झाला. विंडोज १०, ४के मॉनिटर, स्केलिंग (विंडोज सगळं किती मोठं करून दाखवते ते) १५० टक्के. शेजारी जुना मॉनिटर, तो १०० टक्क्यांवर. मजकुराची चौकट ओढली की मागे तुटक रेघा राहतात; झूम कमीजास्त केलं की जातात, पुन्हा ओढलं की पुन्हा हजर. अक्षरं पुसट दिसतात. आणि बराच वेळ काम झालं की रंगांची पॅलेट पांढरीफटक पडते, मागोमाग मेनूतली नावंही गायब. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं की सगळं जागच्या जागी.

पीडीएफ आणि प्रिंट दोन्ही स्वच्छ येतात, म्हणजे फाईल धड आहे. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकून पाहिला, फरक शून्य. ईपीएस (छपाईसाठीचा जुना फाईल-प्रकार) चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची दिसतात, पण ती पहिल्यापासूनच. आतला प्रिव्ह्यूच कमी रिझोल्यूशनचा असतो. ते सोडून द्या.

या सगळ्याचं मूळ एकच आहे का? सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद

मूळ एकच नसावं. पुसट अक्षरं आणि रेघा एका बाजूला, पांढरी पॅलेट दुसऱ्या बाजूला. बंद करून उघडल्यावर जे बरं होतं त्याचा मॉनिटरशी सहसा संबंध नसतो.

आधी पॅलेटचं पाहा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये स्तंभाच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा स्तंभ जोडा (जीडीआय म्हणजे विंडोजची पडद्यावर चित्र काढायची जुनी यंत्रणा) आणि काम करत राहा. विंडोज एका प्रोग्रॅमला मुळात असे १०,००० ऑब्जेक्ट देते: ब्रश, पेन, फॉन्ट, बिटमॅप वगैरे. जुनी सॉफ्टवेअरं घेतलेलं परत करायला विसरतात. आकडा नुसताच चढत असेल आणि दहा हजारांच्या जवळ पॅलेट पांढरी पडत असेल, तर चोर सापडला. रजिस्ट्रीत ही मर्यादा वाढवता येते, पण त्याने दुखणं फक्त पुढे ढकललं जातं.

आणखी एक प्रतिसाद

रेघांबद्दल. त्या काळी ओढण्याची चौकट ‘एक्सॉर’ पद्धतीने काढत: तीच रेघ त्याच जागी दुसऱ्यांदा काढली की पहिली पुसली जाते. पण दोन्हींच्या मध्ये तेवढा भाग विंडोजने नव्याने रंगवला, तर दुसरी रेघ पुसायच्या ऐवजी उमटते. विंडोज ७ मध्ये कम्पॅटिबिलिटी टॅबवर डेस्कटॉप कम्पोझिशन (सगळ्या खिडक्या आधी मेमरीत रंगवून मग पडद्यावर एकत्र मांडणं) बंद करता यायचं. विंडोज ८ पासून ते कायम चालूच असतं. तेव्हा तो उपाय कुणी सुचवला तर शोधत बसू नका.

डीपीआयचं (दर इंचाला किती ठिपके, त्याचं) मात्र करता येईल. हे सॉफ्टवेअर पडदा ९६ डीपीआयचा धरून चालतं, तुमचा १४४ चा आहे. विंडोज त्याचं चित्र ताणून दाखवते, म्हणून अक्षरं पुसट. त्याच्या .ईएक्सई फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, तिथे ओव्हरराइडवर टिक करून ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडा. सॉफ्टवेअर बंद करून उघडा. आणि तपासणी होईपर्यंत एकच मॉनिटर जोडलेला ठेवा. वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन पडदे म्हणजे या पिढीच्या सॉफ्टवेअरला छळ आहे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. एन्हान्स्डने अक्षरं धारदार झाली, पण ठेवलेली चित्रं अजून मऊच दिसतात. दुसरा मॉनिटर काढल्यावर रेघा कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. जीडीआयचा आकडा खरंच चढतोय, चित्रांची पानं उलटली की जास्त.

प्रतिसाद

चित्रं मऊ राहणारच. एन्हान्स्ड सेटिंग मजकूर आणि रेघा नव्याने काढतं, बिटमॅप मात्र ताणतंच. उरलेल्या रेघांसाठी त्याच यादीतला ‘अॅप्लिकेशन’ हा पर्याय लावून पाहा. ताणणं पूर्ण बंद होतं, पण बटणं मुंगीएवढी होतील. ती सोसत नसतील तर त्या कामापुरतं विंडोजचं स्केलिंगच १०० वर आणा.

जीडीआयच्या आकड्यासाठी सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये चित्रं राखाडी चौकटी म्हणून दाखवायची सोय असेल, ती लावून तीच पानं उलटा. चढण मंदावली तर मजकुराचं काम त्याच अवस्थेत करा, चित्रं शेवटच्या तपासणीलाच दाखवा. आकडा आठ हजारांवर गेला की सेव्ह करून बंद करा. मेनू गायब झाल्यावर सेव्ह करायची डायलॉग पेटी उघडेलच याचा भरवसा नसतो.