अलास्का ट्रेक: अस्वलांसाठी कोणती हँडगन, कोणती काडतुसं?

सिएटलहून:

सप्रेम नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये आम्ही चौघं केनाय द्वीपकल्पातली रिझरेक्शन पास ट्रेल चालणार आहोत, होप ते कूपर लँडिंग, ३९ मैल. मी नागरिक, एकाकडे ग्रीन कार्ड, दोघे एच-१बीवर. माझ्याकडे ९ मिमीचं पिस्तूल आणि होलो पॉइंट काडतुसं आहेत. तेच न्यावं, की १० मिमी किंवा .४४ मॅग्नम घ्यावं?

अँकरेजहून:

ताई, नमस्कार.
हत्याराआधी गोळीचं बोलू, कारण चूक तिथेच होते. होलो पॉइंट माणसासाठी बनवलेली असते. आत शिरताच ती फुलते आणि एफबीआयच्या जेल चाचणीच्या हिशेबाने १२ ते १८ इंचांत थांबते. चालून येणारं ब्राउन अस्वल डोकं खाली घालून येतं. मेंदूपर्यंत किंवा मणक्यापर्यंत पोचायला गोळीला उतरती कवटी, चरबी आणि खांद्याची जाड हाडं पार करावी लागतात. म्हणून हार्डकास्ट घ्या. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या कडक मिश्रणाची, पुढून सपाट अशी ही गोळी फुलत नाही, सरळ खोल जाते. वजन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) १० मिमीत २०० ते २२० ग्रेन, .४४ मॅग्नममध्ये २४० ते ३०५ ग्रेन. ९ मिमीच नेणार असाल तर १४७ ग्रेनची हार्डकास्ट न्या, पण माझ्या मते ती तडजोडच.

आता हत्यार. चार इंची नळीचं स्मिथ अँड वेसन ६२९ रिव्हॉल्व्हर (.४४ मॅग्नम) रिकामंच १.२ किलोच्या आसपास, त्यात सहा गोळ्या, आणि धक्का इतका की दुसरी गोळी नेमावर आणायला वेळ जातो. ग्लॉक २० (१० मिमी पिस्तूल) च्या मूळ मॅगझिनमध्ये १५ गोळ्या बसतात (वॉशिंग्टन राज्यातल्या दुकानात मात्र १० गोळ्यांचंच मॅगझिन मिळेल) आणि धक्का सोसवतो. तुमचा हात पिस्तुलावर बसलेला आहे, तेव्हा मी ग्लॉक २० सांगेन. रिव्हॉल्व्हरची एक बाजू मात्र खरी. अस्वल अंगावर असताना पिस्तुलाची नळी त्याच्या शरीरावर दाबली गेली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकते आणि गोळी सुटत नाही. रिव्हॉल्व्हर तशातही चालतं. पण फार हलकं घेऊ नका. धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) अडकतो. तपासायचं असेल तर एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून ठेवा, बाकी पाच झाडा आणि तेच पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ती काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरसाठी नाहीत.

होल्स्टर छातीवरचाच घ्या. सॅकचा कमरपट्टा कमरेवरचं होल्स्टर झाकतो. अस्वल ताशी ३५ मैल धावतं, म्हणजे ३० यार्डांवरून निघालं तर दोन सेकंदांच्या आत तुमच्यापाशी. सॅक पाठीवर असताना काढण्याचा सराव करा, आधी रिकाम्या पिस्तुलाने.

डेन्व्हरहून:

काका, एच-१बीवाल्या दोघांसाठी कळकळीने लिहिते आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये. ओझं वाटून घेताना काडतुसांचा डबा त्यांच्या सॅकमध्ये टाकू नका, रेंजवरही त्यांच्या हाती पिस्तूल देऊ नका. अशा गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.

त्या दोघांच्या पट्ट्याला बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) हवाच, आणि खरं तर चौघांच्याही. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांच्या २००८ च्या अलास्कातल्या अभ्यासात ब्राउन अस्वलांवर स्प्रे ९२ टक्के वेळा कामी आला. डबा किमान ७.९ औंसांचा, लेबलवर ईपीएचा (फेडरल पर्यावरण खात्याचा) नोंदणी क्रमांक पाहून घ्या. अस्वल ३० फुटांच्या आसपास आलं की त्याच्या पुढ्यात, किंचित खाली धरून एक-दोन सेकंद मारा, म्हणजे ते ढगातून येईल. विमानात स्प्रे हातातल्या सामानात चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. अँकरेजला उतरून घ्या.

सिएटलहून:

ताई, हे वेळेवर सांगितलंत, दोघांना कळवलं. काका, ग्लॉकमध्ये शिशाच्या गोळ्या चालत नाहीत ना?

अँकरेजहून:

बरोबर, कंपनी नकोच म्हणते. त्यांच्या पॉलिगोनल (आतून धारदार खाचांऐवजी गोलसर कोनांच्या) नळीत उघडं शिसं साचतं आणि दाब वाढतो. एक तर साध्या रायफलिंगची (आतून खाचांची) वेगळी नळी बसवा, नाही तर न फुलणाऱ्या, सपाट तोंडाच्या भरीव तांब्याच्या गोळ्या घ्या. सराव जॅकेटवाल्या (शिशावर तांब्याचं आवरण असलेल्या) स्वस्त काडतुसांवर चालेल, पण सोबत न्यायची आहेत त्यातली निदान ५० झाडून पाहा. जोरकस १० मिमी काडतूस आणि सैल मनगट एकत्र आलं की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुढचं काडतूस अडकतं. मनगट ताठ ठेवूनही अडकत असेल तर काडतूस बदला.

पिस्तूल तुमच्या वॉशिंग्टन राज्यातच घ्या. दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाला इथला दुकानदार हँडगन थेट हातात देऊ शकत नाही. विमानात ते रिकामं, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर सांगून. काडतुसं खोक्यात, आणि बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादा ११ पौंड. गाडीने येणार असाल तर हँडगन घरीच ठेवा, वाटेत कॅनडा लागतो.

आणि जीव वाचवायला अस्वल मारावंच लागलं, तर नखांसकट कातडं आणि कवटी काढून राज्याच्या फिश अँड गेम खात्याच्या हवाली करावी लागते, लेखी अहवाल १५ दिवसांत. खाणं उघड्यावर ठेवल्यामुळे अस्वल आलं असेल तर स्वसंरक्षणाची ही सवलत मिळत नाही. म्हणून खाणं, टूथपेस्ट आणि कचरा बेअर-प्रूफ डब्यात, आणि डबा तंबूपासून निदान १०० यार्ड लांब.