जुन्या डेस्कटॉपला मॉनिटरसोबत प्रोजेक्टर जोडायचाय, केबल घेऊ की कार्ड?

धागाकर्ता:
मंडळी, सल्ला हवाय. विंडोज ७ वाला जुना डेस्कटॉप आहे, मागे एकच निळं व्हीजीए पोर्ट आणि त्यावर मॉनिटर लावलेला. आता एक वापरलेला प्रोजेक्टर मिळालाय, त्याला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही इनपुट आहेत. मला मुलांना शिकवायला वापरायचाय, म्हणजे भिंतीवर फक्त स्लाइड दिसली पाहिजे आणि माझ्या मॉनिटरवर नोट्स, कारण नोट्समध्ये उत्तरं लिहिलेली असतात, ती भिंतीवर दिसली तर सगळंच मुसळ केरात. एकाचे दोन करणारी वाय केबल स्वस्तात मिळतेय, ती चालेल का? की यूएसबीचा अडॅप्टर घेऊ? कॉम्प्युटर बदलायचा नाहीये, बाकी मस्त चालतोय.

प्रतिसाद १:
वाय केबल अजिबात घेऊ नका. पोर्टमधून एकच सिग्नल बाहेर पडतो, केबल तोच दोघांना वाटते, त्यामुळे मॉनिटरवर जे दिसेल तेच भिंतीवर दिसणार, नोट्ससकट. वर साधी केबल असेल तर सिग्नल अर्धा अर्धा होऊन चित्रही फिकं पडतं. तुम्हाला दोन वेगळे आउटपुट पाहिजेत, ते केबलने तयार होत नाहीत.

प्रतिसाद २:
सहमत. आणि यूएसबी अडॅप्टरचं म्हणाल तर स्लाइडपुरता चालतो, पण तुमच्या जुन्या मशीनला यूएसबी २ असणार, त्याचा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट. साधं १०२४×७६८ चं चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं म्हटलं तरी अकराशे मेगाबिटच्या वर जातं. म्हणजे सगळं दाबून लहान करून पाठवावं लागतं आणि ते काम तुमच्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. व्हिडिओ लावला की अडखळणार. डेस्कटॉपला याहून चांगला इलाज आहे.

प्रतिसाद ३:
कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच, रिकामा आहे का बघा. असेल तर साधं ग्राफिक्स कार्ड टाका, जीटी ७१० सारखं. ते जेमतेम १९ वॉट खातं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, त्यामुळे जुना पॉवर सप्लायही पुरतो. त्यातलं व्हीजीए, डीव्हीआय आणि एचडीएमआय तिन्ही असलेलं मॉडेल बघून घ्या, मग मॉनिटर व्हीजीएवर, प्रोजेक्टर एचडीएमआयवर, कन्व्हर्टरची भानगडच नाही. तुमचं कॅबिनेट बारकं असेल तर बुटक्या पट्टीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड मागा, नाहीतर झाकण लागत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. कार्ड टाकलं की बऱ्याच जुन्या बोर्डांवर मागचं मूळ व्हीजीए आपोआप बंद होतं, लोक मॉनिटर तिथेच ठेवतात आणि स्क्रीन काळी बघून कार्ड खराब म्हणून परत करतात. दोन्ही वायरी कार्डलाच लावा. काही बोर्डांत बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधून, दोन्ही चालू ठेवता येतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

धागाकर्ता:
खूप आभार! स्लॉट होता, कार्ड बसलं, विंडोज ७ चा ड्रायव्हर पण टाकला. दोन्हीकडे चित्र येतंय, पण एकसारखंच, आणि भिंतीवरची अक्षरं पुसट, विशेषतः बारीक आकडे. फोकस फिरवून झालाय, फरक नाही.

प्रतिसाद २:
विंडोज की दाबून पी दाबा, त्यात एक्स्टेंड निवडा, म्हणजे दोन्ही पडद्यांवर वेगवेगळं दाखवता येईल. आधी हे करा, कारण डुप्लिकेटमध्ये, म्हणजे आत्तासारखं दोन्हीकडे तेच चित्र असताना, दोन्ही पडद्यांना एकच रेझोल्यूशन घ्यावं लागतं आणि कुणातरी एकाचं बिनसतं. मग स्क्रीन रेझोल्यूशनमध्ये जाऊन दोन नंबरच्या डिस्प्लेवर क्लिक करून प्रोजेक्टरचं नेटिव्ह, म्हणजे त्याच्या आतल्या पॅनेलचं मूळ रेझोल्यूशन द्या. ते मॅन्युअलमध्ये बघा, खोक्यावर १०८०पी सपोर्ट लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तेवढा सिग्नल तो घेतो इतकाच, आतलं पॅनेल जुन्या प्रोजेक्टरांत बहुतेक १०२४×७६८ किंवा १२८०×८०० असतं. मोठा सिग्नल आकसून दाखवताना बारीक अक्षरं हमखास पुसट होतात.

प्रतिसाद १:
यादीत ते रेझोल्यूशन दिसलंच नाही तर प्रोजेक्टर आधी चालू करा, इनपुट एचडीएमआय निवडा आणि मग कॉम्प्युटर सुरू करा. प्रोजेक्टर स्वतःची माहिती केबलमधूनच पाठवतो, ती पोचली नाही की विंडोज अंदाजाने काहीतरी देतं. पुढे कधी व्हीजीएने जोडलात तर लांब स्वस्त केबलने हाच त्रास होतो, शिवाय अक्षरांच्या बाजूला सावल्या दिसतात.

प्रतिसाद ३:
पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो टॅबवर शो ऑनमध्ये दुसरा मॉनिटर निवडा आणि यूज प्रेझेंटर व्ह्यूवर टिक करा, नोट्स तुमच्याकडेच राहतील. आवाज अचानक प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमधून यायला लागला तर घाबरू नका, एचडीएमआय आवाजही नेतं, घड्याळाजवळच्या स्पीकर चिन्हावर राइट क्लिक करून प्लेबॅक डिव्हाइसेसमध्ये जुना स्पीकर डिफॉल्ट करा.

धागाकर्ता:
झालं!! १२८०×८०० दिल्यावर आकडे एकदम स्वच्छ. भिंतीवर नुसती स्लाइड, माझ्याकडे नोट्स आणि पुढची स्लाइड पण दिसते, हे तर मला माहीतच नव्हतं. आता फक्त एक, प्रोजेक्टर बंद केल्यावर एखादी विंडो तिकडेच राहते, सापडत नाही.

प्रतिसाद २:
खालच्या पट्टीवर त्या विंडोवर क्लिक करा, मग विंडोज की आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, ती उडी मारून इकडे येईल. किंवा विंडोज की आणि पी करून कॉम्प्युटर ओन्ली. आणि प्रोजेक्टर लॅम्पवाला असेल तर रिमोटने बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका, लॅम्प गरम असताना पंखा थांबला तर तो लवकर जातो.