दिल्लीची माणसं खरंच तुसडी असतात का? बहिणीची नेमणूक केंद्रीय सचिवालयात झाली आहे

कोरेगावकर

धाकट्या बहिणीची एसएससी सीजीएलमधून (केंद्राची पदवीधरांसाठीची नोकरभरती परीक्षा) असिस्टंट सेक्शन ऑफिसर म्हणून निवड झाली आहे. केंद्रीय सचिवालय सेवा, म्हणजे राहणं दिल्लीतच. घरात आनंद आहे, पण आई धास्तावली आहे. पेढे घ्यायला जो येतो तो एकच सांगून जातो: दिल्लीवाले तुसडे, कामापुरते गोड, शेजारी मेला तरी दार उघडणार नाहीत, तिथं सगळं राजकारणावर चालतं. ज्यांना दिल्ली जवळून माहीत आहे त्यांनी सांगावं, हे कितपत खरं? पहिल्या काही महिन्यांत माणसं जोडायची तर नेमकं काय करायचं आणि काय टाळायचं? जागा कुठं बघावी हेही सांगा. निम्मा प्रश्न तिथंच सुटतो किंवा बिघडतो असं मला वाटतं.

कृष्णाकाठ

दादा, आधी अभिनंदन. ही परीक्षा काढणं सोपं नाही.

दिल्लीवाला तुसडा नसतो, पण समोरचा माणूस कोण हे कळल्याशिवाय तो मोकळा होत नाही. आपल्याकडं नवीन माणूस भेटला की काय विचारतात? गाव कुठलं, आडनाव काय, पाहुणे कोण. कोरेगाव म्हटलं, रहिमतपूरचे पाहुणे निघाले, की चहा पुढं येतो. दिल्लीत हेच प्रश्न वेगळे होतात: किस मिनिस्ट्री में हो, कौन सा बैच, कहाँ रहते हो. पाहुण्यांच्या जागी तिथं पोस्टिंग आहे. बहिणीला कुणी पहिल्या भेटीत असं विचारलं तर तिनं वाईट वाटून घेऊ नये. सरळ उत्तर द्यावं आणि तोच प्रश्न उलट विचारावा, तिथूनच बोलणं सुरू होतं. फक्त हिंदी बोलताना सगळ्यांना 'आप' आणि नावापुढं 'जी'. आपल्या सवयीनं 'तुम' निघतं आणि समोरचा आतून मिटतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

शहर घडलंच तसं आहे. १९११ च्या डिसेंबरात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, १९३१ मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं. ही नवी दिल्ली सरकार चालवण्यासाठी आखलेली. ज्याचा हुद्दा मोठा त्याचं घर मोठं, आणि ते व्हाइसरॉयच्या घराच्या जवळ. त्या भागातून आजही चालत गेलात तर मैलभर भिंती, कुंपणाची झाडं, गोल चौक आणि बंदूकधारी पहारेकरी. चहाची टपरी नाही, कट्टा नाही, वाट विचारायला माणूस नाही. पहिल्यांदा गेलेला माणूस तेवढं बघतो आणि दिल्ली माणूसघाणी आहे असं ठरवून येतो. पण तिथं राहणारे मूठभर. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आणि सिंधमधून सुमारे पाच लाख निर्वासित या शहरात आले. १९४१ ला जेमतेम सव्वानऊ लाख असलेली लोकसंख्या १९५१ ला साडेसतरा लाखांच्या आसपास पोचली. राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर या वसाहती त्यांच्यासाठी उठल्या. तिथली माणसं मोठ्यानं बोलतात, भांडतातही मोठ्यानं, पण खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. शहर एकच, पण सरकारी कॉलनी आणि पंजाबी मोहल्ला यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

आता ऑफिसचं, कारण तिचा दिवस तिथंच जाणार. संसदेचं अधिवेशन सुरू असताना सेक्शनमधली माणसं तुटक वागतात. त्याचं कारण समजून घेतलं तर मनाला लागत नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न असतात, राज्यसभेत १५ आणि १६०. साधारण पंधरा दिवस आधी नोटीस येते, पण कुठला प्रश्न कुठल्या सेक्शनचा हे ठरून, राज्यांकडून माहिती मागवून, अवर सचिवापासून मंत्र्यांपर्यंत फाइल फिरून यायला सगळा वेळ जातो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न येतात. म्हणून सेक्शनला उत्तराबरोबर, काय काय विचारलं जाईल याचा अंदाज बांधून वेगळं टिपण द्यावं लागतं. त्यातला एक आकडा चुकला तर ठपका खालपर्यंत येतो. अशा दिवशी शेजारच्या टेबलावरचा माणूस 'बाद में आना' म्हणाला तर तो तुसडेपणा नसतो.

म्हणून तिनं रुजू झाल्यावर पहिली गोष्ट करायची: आपल्या मंत्रालयाचा उत्तराचा वार विचारून घ्यायचा. प्रत्येक मंत्रालयाला दोन्ही सभागृहांत आठवड्याचा ठरलेला वार असतो. त्याच्या आदल्या दिवशी रजा मागायची नाही, कुणाला शिकवायला बसा म्हणायचं नाही. उलट त्या संध्याकाळी आपण होऊन थांबून उत्तरांच्या प्रती लावायला, हिंदी अनुवाद आला का बघायला मदत केली, तर महिनाभर चहा पिऊन जे होत नाही ते एका अधिवेशनात होतं.

आणखी एक. वरचे अधिकारी बरेचसे राज्यांमधून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात. उपसचिव चार वर्षं, संचालक आणि सहसचिव पाच, मग ते परत जातात. मुलांच्या शाळा, घर, सगळं तेवढ्याच हिशोबानं. ती माणसं ओळखी वाढवत नाहीत, कारण जायचंच असतं. आयुष्यभर दिल्लीत राहणारा माणूस म्हणजे सचिवालय सेवेतला आणि त्याखालचा कर्मचारी. सेक्शनमधला जुना एमटीएस (शिपाई वर्गातला कर्मचारी) किंवा सिनियर सेक्रेटरिएट असिस्टंट तिला जे सांगेल ते कुठल्याही नियमपुस्तकात नाही. तिनं जीव लावायचा तो यांना.

अजिंक्यतारा

कृष्णाकाठ यांनी ऑफिसचं सगळं सांगितलं, मी घराचं सांगतो.

एएसओ, म्हणजे असिस्टंट सेक्शन ऑफिसर, पगाराच्या लेव्हल ७ ला येतो आणि लेव्हल ६ ते ८ ला टाइप ३ चं सरकारी घर मिळू शकतं. अर्ज ई-संपदा पोर्टलवर, रुजू झाल्याबरोबर करायचा. लगेच मिळेल असं धरून चालू नका, प्रतीक्षा असते. सरकारी कॉलनीत राहायला मिळालं तर एकटेपणाचा प्रश्न बराचसा मिटतो. आर. के. पुरम, सरोजिनीनगर, लोधी कॉलनी, पूर्व किडवईनगर. शेजारी तमिळ, बंगाली, गढवाली, बिहारी, सगळे बाहेरून आलेले, त्यामुळं कुणीच कुणाला परकं धरत नाही. जुन्या दोन-तीन मजली क्वार्टर्समध्ये ओळख लवकर होते, कारण अंगण एकच. पाडून नव्यानं बांधलेल्या उंच इमारतींत लिफ्टमध्ये भेटतात तेवढंच.

तोवर पीजी (पेइंग गेस्ट) किंवा भाड्याची खोली. ऑफिस केंद्रीय सचिवालय किंवा उद्योग भवन स्टेशनाजवळ असेल तर मेट्रोची पिवळी लाइन धरा: ग्रीन पार्क, मालवीयनगर, साकेत. करोलबाग आणि लक्ष्मीनगर निळ्या लाइनवर आहेत, मध्ये गाडी बदलावी लागते. जुन्या राजेंद्रनगरात मराठी पोरं भरपूर, पण तो सगळा परीक्षार्थींचा भाग आहे. तिथं प्रत्येकजण घड्याळाकडं बघत जगतो आणि भाडीही फुगलेली. नोकरी करणाऱ्या मुलीनं तिथं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तळघरातली खोली किंवा अभ्यासिका तर कुठंच घेऊ नका. जुलै २०२४ मध्ये तिथल्याच एका कोचिंगच्या तळघरात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले.

दिल्लीत शेजाऱ्यांची भांडणं दोनच गोष्टींवरून होतात, गाडी लावायची जागा आणि पाण्याची मोटर. एका प्लॉटवर चार मजले, प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा, याला तिथं बिल्डर फ्लोअर म्हणतात. खाली गाड्या चार आणि जागा अडीच. तिची स्कूटी असेल तर खोली घ्यायच्या आधीच मालकाकडून जागा कुठली ते दाखवून घ्या, 'लगा लेना कहीं भी' यावर विश्वास ठेवू नका. कारण तो 'कहीं भी' दुसऱ्या कुणाच्या तरी दारासमोर निघतो. पाणी बऱ्याच वसाहतींत सकाळी आणि संध्याकाळी तास-दोन तास येतं. प्रत्येक मजल्याची टाकी गच्चीवर, मोटर खाली. आपली मोटर चालू ठेवून झोप लागली की टाकी वाहते, शेजारच्याची भिंत ओली होते आणि पहिल्याच आठवड्यात वैर. टाकीत फ्लोट स्विच किंवा ओव्हरफ्लोचा अलार्म आहे का विचारा. नसेल तर मालकाला सांगून बसवून घ्या, खर्च फार नाही.

विजेचं वेगळं सांगतो. दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती बिल शून्य येतं, पण मालक सबमीटर लावून भाडेकरूकडून युनिटला आठ-दहा रुपये घेतात. करार ११ महिन्यांचा, त्यात विजेचा दर लिहून घ्या. आणि पोलीस व्हेरिफिकेशन टाळणारा मालक असेल तर ती खोली सोडा. रात्री कॉलनीचं गेट बंद होतं, कुठलं गेट उघडं राहतं हे चौकीदाराला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावं. त्याचं नाव लक्षात ठेवून रोज नमस्कार केला की रात्री उशिरा येताना त्याचा आधार वाटतो.

माहुलीची

दोघांनी छान लिहिलंय, पण दोन्ही दादांच्या लिहिण्यात एक गोष्ट राहिली. मुलीला दिल्ली रुक्ष वाटते याचं मोठं कारण शेजारी किंवा ऑफिस नाही, अंधार पडल्यावरचा रस्ता आहे. नजरा असतात, मागून येणं असतं. त्यामुळं मुली स्वतःच चेहरा बंद करून, कानात वायर घालून चालतात आणि मग समोरच्यालाही त्या तुसड्या दिसतात. हा स्वभाव नव्हे, बचाव आहे. एखादी सहकारी पहिल्या दिवशी हसली नाही म्हणून तिच्याबद्दल मत बनवू नकोस, असं बहिणीला नक्की सांगा.

खोली बघताना मेट्रो स्टेशनपासून दारापर्यंतचं अंतर रात्री आठला चालून बघावं, दुपारी बघून उपयोग नाही. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, ई-रिक्षा मिळते का. भाडं हजारभर जास्त गेलं तरी दहा मिनिटांच्या आतली, वर्दळीच्या रस्त्यावरची खोली घ्या. मेट्रोत पहिला डबा बायकांचा, तिथं रोज त्याच वेळी जाणाऱ्या बायका ओळखीच्या होतात. दिल्लीतल्या कितीतरी मैत्रिणी त्या डब्यात झालेल्या असतात. फोनमध्ये ११२ तर ठेवाच, बायकांच्या हेल्पलाइनचा १८१ पण ठेवा.

कोरेगावकर

खूप आभार. ताई, रात्री चालून बघायचं लक्षात ठेवलं, खोली बघायला मीच सोबत जाणार आहे. आईचा एक प्रश्न: शेजारणीशी ओळख काढायची तर सुरुवात कशी करायची? आपल्यासारखं साखर-दही मागायला गेलेलं चालतं का?

अजिंक्यतारा

चालतं, पण आधी काहीतरी देऊन मग. मागायला पहिल्यांदा गेलं तर दार अर्धंच उघडतं. साताऱ्याचे कंदी पेढे न्या, पण जाताना नेलेले आठवड्याच्या आत वाटून टाका. टिकाऊ हवं तर तासगावचे बेदाणे अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं करून न्या. दिवाळीत तिथं घरोघर सुक्या मेव्याचे डबे फिरतात, 'हमारे यहाँ के हैं' म्हणून बेदाणा दिला तर लोक आवडीनं घेतात आणि डबा रिकामा परत करत नाहीत.

ओळखीचा हंगाम म्हणजे थंडी. डिसेंबर-जानेवारीत सुट्टीच्या दुपारी सगळी कॉलनी उन्हाला बाहेर येते. पार्कात सतरंजी, शेंगदाणे, गजक, मटार सोलायला घेतलेले. तिथं जाऊन नुसतं 'बैठ जाऊँ?' म्हणायचं आणि मटार सोलायला लागायचं. १३ जानेवारीला पंजाबी मोहल्ल्यात लोहडी पेटते, वर्गणी मागायला आले तर खुशीनं द्यावी आणि रात्री शेकोटीला जावं. उन्हाळ्यात मात्र दुपारी कुणाच्या दारावर जाऊ नये, सगळे कूलर-एसी लावून दारं बंद करून असतात. नोव्हेंबरात हवा इतकी बिघडते की पार्क ओस पडतात. या दोन्ही वेळा एकटेपणा जास्त जाणवतो, घरच्यांनी फोन वाढवायचा तो तेव्हा.

खानापूरघाट

आपल्या सांगली जिल्ह्यातली गलाईची माणसं विसरू नका. खानापूर, आटपाडी भागातले सोनं-चांदी गाळणारे देशभर पसरलेत, दिल्लीत करोलबाग आणि चांदणी चौकातल्या सराफ गल्ल्यांत बघा. अडीअडचणीला आधी उभा राहणारा माणूस हाच. विट्यात कुणालाही विचारा, पत्ता मिळेल.

मराठी वातावरण हवं तर पहाडगंजला नूतन मराठी शाळा आहे, १९२९ पासूनची, त्या भागात जुनी मराठी कुटुंबं आहेत. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला जाता येतं, गणपतीत मंडळं शोधावी लागत नाहीत. साहित्य संमेलन तिथं १९५४ ला झालं तेव्हा अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि २०२५ ला तालकटोऱ्यात झालं तेव्हा सांगलीच्या ताराबाई भवाळकर. दोन्ही वेळा अध्यक्ष कृष्णाकाठचेच, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

तरी बहिणीला सांगा, रविवार मराठी माणसांना द्यावा पण डबा रोज सेक्शनमध्येच उघडावा. दुपारी दीडच्या सुमारास टेबलं जोडून सगळे एकत्र खातात, भाजी सगळ्यांची मध्ये ठेवली जाते. नवीन पोर कोपऱ्यात फोन बघत जेवली की घमेंडी ठरते. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन मध्ये बसावं. चटणी जरा जास्त न्यावी, उरत नाही. तिखट मात्र आपल्या निम्म्यानं.

कोरेगावकर

चटणीचं आईला वाचून दाखवलं, दाणे भाजायला घेतलेत. एक शेवटचं: खोली बघायला जायचं तर गाडी कुठली?

कृष्णाकाठ

गोवा एक्सप्रेस, मिरजेवरून येते आणि हजरत निजामुद्दीनला सोडते. तिथं मेट्रो स्टेशन लागूनच आहे, गुलाबी लाइन. सामान घेऊन बाहेर आल्यावर टॅक्सीवाले घेरतात, त्यांच्याकडं न बघता मेट्रोच्या पाटीमागं चला. आणि रविवारी पोचू नका, सोमवारी पोचा: मालकाशी करार, पोलीस ठाणं, ऑफिस बघून ठेवणं, सगळी कामं आठवड्याच्या दिवसातलीच आहेत.