स्वतःची एपीटी रेपो (डेबियन-उबुंटूला पॅकेजं पुरवणारा साठा) टाकायचीय, दहाबारा जणांत कशी चालवायची?

कळफलक_वेडा: आमचा लिनक्सवाल्यांचा छोटा ग्रुप आहे, सगळे डेबियन नाहीतर उबुंटूवर. मराठी फॉन्ट, कीबोर्ड लेआउट, दोनचार स्क्रिप्ट, या सगळ्याच्या डेब फाइल्स (इन्स्टॉल करायची पॅकेजं) आत्ता ड्राइव्हवर टाकतो आणि मग कोणाकडे जुनं व्हर्जन कोणाकडे नवं काही पत्ताच लागत नाही. व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेतलाय. सगळ्यांना एसएसएच (सर्व्हरवर थेट लॉगिन) देऊन टाकू का, ज्याला जे टाकायचंय ते टाकेल?

रूट_माणूस: एसएसएच अजिबात नको!! रेपो म्हणजे नुसत्या स्टॅटिक फाइल्स असतात, ऍप्टली (रेपो सांभाळणारं टूल) टाका, एका संध्याकाळचं काम आहे. त्यात स्नॅपशॉट, म्हणजे रेपोची त्या वेळची स्थिती जपून ठेवणारे, काढता येतात, नव्या पॅकेजनं माती केली की आधीचा स्नॅपशॉट परत लावायचा. खरा प्रश्न जीपीजी कीचा, म्हणजे रेपोवर डिजिटल सही (साइन) करायच्या गुप्त किल्लीचा. साइन होते ती फक्त रिलीज फाइल, तिच्यात पॅकेजच्या यादीचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा ठसा) आणि यादीत प्रत्येक डेबचा, म्हणजे की ज्याच्या हातात त्याच्या हातात सगळ्यांची मशीन, कारण इन्स्टॉल होताना पॅकेजमधल्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात. की दोघांकडेच ठेवा. आणि युजर्सना एपीटी-की (की जोडायची कमांड) वापरायला सांगू नका, ते जुनं झालं, रेपोच्या नोंदीत साइन्ड-बाय लावा म्हणजे ती की तुमच्या रेपोपुरतीच चालते.

आर्चवाला_काका: आमच्या आर्च लिनक्सच्या एयूआरमध्ये (युजर्सनीच टाकलेल्या पॅकेजांचा साठा) काय झालं ते वाचा. २०१८ मध्ये ऍक्रोरीडचं (पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर) पॅकेज बेवारस पडलं होतं, कोणीतरी ते रीतसर दत्तक घेतलं आणि बिल्ड स्क्रिप्टमध्ये बाहेरून कोड ओढणारी ओळ घुसवली. हॅक वगैरे काही नाही, नियमच तसा होता! तेव्हा मेंटेनर (पॅकेज सांभाळणारा) सोडून गेला तर पॅकेज कोणाकडे जाणार हे आधी ठरवा, सर्व्हर नंतर.

कळफलक_वेडा: बाप रे. पण प्रत्येक डेब उघडून बघणार कोण, सगळे नोकरीवाले आहेत

रूट_माणूस: मग डेब घेऊच नका ना. सोर्स आणि डेबियन फोल्डर (पॅकेज कसं बनवायचं त्याच्या फाइल्स) गिटवर, पुल रिक्वेस्टला (बदल घ्या अशी विनंती) दुसऱ्या एकाचा होकार, बिल्ड एसबिल्ड या टूलनं स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळं वातावरण). तेही जड वाटलं तर ओपनसुसेची बिल्ड सर्व्हिस बघा, डेबियन-उबुंटूचीपण पॅकेजं बनवते आणि साइनही तिथंच होतं, व्हीपीएसचे पैसे वाचतील 😄

आर्चवाला_काका: फॉन्टपैकी लोहित देवनागरी डेबियनमध्ये आहेच, ते पुन्हा पॅक करत बसू नका.