मदत हवी आहे: ओनील घराण्याच्या वंशावळीत मॅथ्यूची रेघ कशी काढू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनगटात मला ह्यू ओनीलवर बोलायचं आहे. इंग्रजांशी नऊ वर्षं लढून अखेर १६०७ साली आयर्लंड सोडून गेलेला टायरोनचा अर्ल (इंग्रजी सरदारकीचा किताब), तो हा. भिंतीवर लावायला वंशावळ काढतेय आणि त्याच्या बापापाशी, मॅथ्यूपाशीच अडकलेय.

आजोबा कॉन बाकाख. १५४२ साली त्याने आपला मुलूख आठव्या हेन्रीच्या स्वाधीन केला, तोच सनदेने परत घेतला आणि अर्ल झाला. वारस म्हणून नाव लावलं मॅथ्यूचं. मॅथ्यू डंडॉकच्या एका लोहाराच्या घरी वाढलेला. तो सोळाएक वर्षांचा असताना आईने सांगितलं, हा कॉनचा मुलगा. आईने नाव घेतलं, बापाने मानलं, की आयरिश रीतीने पोर घराण्याचं! पण कॉनचा औरस मुलगा शेन हे मानेना. लंडनला जाऊन तो दोन्हीकडून भांडला: इंग्रजी कायद्याने मॅथ्यू अनौरस, आणि आयरिश रीतीने मला भाऊबंदांनी निवडलंय. तोवर १५५८ साली त्याच्या माणसांनी मॅथ्यूला मारलंही होतं. पुढे मॅथ्यूचा थोरला मुलगा ब्रायनही मारला गेला. उरला लहानगा ह्यू. तो डब्लिनभोवतीच्या इंग्रज अमलातल्या पट्ट्यात वाढला.

आता कॉन ते मॅथ्यू ही रेघ मी इतक्यांदा खोडली की तिथला कागद झिजलाय. तुटक काढली तर शेनचं म्हणणं मान्य केल्यासारखं होतं. सलग काढली तर ज्या वादापायी इतके जीव गेले, तोच दिसत नाही. ‘दत्तक’ लिहिणं तर साफ चूक, कारण कॉनने त्याला आपल्या रक्ताचा म्हणूनच घेतलं होतं.

दुसरी अडचण पदाची. १५६७ साली शेन मारला गेल्यावर ‘ओनील’ (म्हणजे घराण्याचा प्रमुख) झाला टर्लाख लुनाख, म्हणजे वेगळ्याच शाखेचा भाऊबंद. ह्यूला अर्लपदाची सनद १५८७ची, पण टलीहोगच्या दगडी आसनावर तो ‘ओनील’ झाला १५९५ साली, टर्लाख गेल्यावर. (ते आसन इंग्रज सेनापती माउंटजॉयने १६०२ साली फोडलं. वाचताना फार लागलं.) अर्लपद एका रंगात आणि ओनीलपद दुसऱ्या रंगात दाखवलं तर समजेल का, की दोन तक्ते करू?

वतनदार घराण्यांच्या वंशावळी ज्यांनी काढल्यात, त्यांनी मानलेल्या मुलाची रेघ कशी दाखवली, तेही सांगा. तक्ता अजून पेन्सिलीतच आहे.