देव, देवता की दैवत? कल्पित धर्मासाठी शब्द हवा

प्रश्न :
नागपुरात राहतो, एक कादंबरी लिहितोय. तिच्यातला मुलूख आणि धर्म दोन्ही कल्पित. उमरेडकडच्या कोळसाखाणी लहानपणापासून पाहिल्या, त्यामुळे असेल, धर्माची मूळकथाच जमिनीखाली घडते. आधी वर आग नव्हतीच. ती आणायला चार भावंडं खाली उतरली. धगमाय निखारा घेऊन आली. पाझऱ्या आग शोधायला गेला आणि पाणी घेऊन आला. खांबोबा वरचं छत पेलत तिथेच राहिला. मुकणा परतला, पण काय पाहिलं ते कधी बोलला नाही. मेलेल्यांचा कारभार त्याच्याकडे. घरोघरी उंबऱ्याशी कोळशाचा एक ओला खडा असतो, तो कोरडा पडू द्यायचा नाही.

अडचण अशी की 'मुकणा ही देवता रागावली' लिहिलं की कानाला खटकतं. 'दैवत रागावलं' म्हटलं तर तो माणसातून उठून नपुंसकलिंगात जातो. आणि चौघांना मिळून काय म्हणावं? देवगण? दैवतमंडळ?

प्रतिसाद :
ही लिंगाची गोष्ट फार जुनी आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातच 'दैवतानि पुंसि वा देवताः स्त्रियाम्' असं आहे. म्हणजे दैवत नपुंसकलिंगी, विकल्पाने पुल्लिंगी. देवता मात्र स्त्रीलिंगी, मग ती इंद्र असो की अग्नी. वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काने निरुक्त या ग्रंथात 'यो देवः सा देवता', म्हणजे जो देव तीच देवता, म्हणून तो प्रश्न मिटवला. पण हा सगळा पोथीतला व्यवहार. उंबऱ्यावरचा खडा भिजवणारी म्हातारी 'देवता' म्हणणारच नाही. ती म्हणेल, 'माय कोपली', 'मुकणा पावला नाही यंदा'. देवता हा शब्द तुमच्या गोष्टीतल्या शास्त्र्यासाठी राखून ठेवा.

दैवत हा नात्याचा शब्द आहे. ग्रामदैवत, कुलदैवत, आराध्यदैवत : ते कुणाचं तरी असतं. 'खांबोबा हे खाणकऱ्यांचं दैवत' हे वाक्य अस्सल वाटतं. 'खांबोबा हे दैवत खाली उतरलं' हे वाटत नाही. कथा सांगताना सरळ देव म्हणा, नाहीतर नाव घ्या.

आणि माझ्या मते नामापेक्षा क्रियापदांकडे जास्त लक्ष द्या. आपल्याकडे देव पावतो, कोपतो, कौल देतो, अंगात येतो. तुमच्या चौघांपैकी कोण काय करतो ते ठरवा. मुकणा कौल देईल का? जो बोलतच नाही, त्याला कौल कसा लावायचा, यातच एक अख्खा विधी दडलाय.

प्रतिसाद :
देवगण नको. गण म्हटलं की आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य असे जथे डोळ्यांपुढे येतात. दैवतमंडळ अभ्यासाच्या पुस्तकात ठीक. लोक नुसतं 'चौघं' म्हणतील. 'चौघांची आण!'

प्रतिसाद :
भाऊ, नागपुरात बसून हे विचारताय तर गोंडी परंपरा बघाच. गोंडीत देव म्हणजे पेन, त्याचं ठिकाण पेनठाणा, सर्वांत मोठा तो फडापेन, मराठीत बडादेव. कोण किती देव मानतो त्यावरून चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे गट पडतात आणि एका गटात आपसात सोयरीक होत नाही. म्हणजे देवांची संख्या थेट लग्नाच्या बोलणीत येते! तुमच्या धर्मात अजून हेच नाही : देवांमुळे माणसांचं रोजचं काय बदलतं?

गोंडांची मूळकथाही गुहेचीच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात कचारगड आहे; तिथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना गोंडांचा आद्य धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो याने सोडवलं, असं मानतात. माघ पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. लिंगोची कथा नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवली होती, ती त्यांच्या पश्चात १८६६ मध्ये छापली गेली. हे सगळं वाचा, पण त्यातली नावं उचलू नका. ही आजही जगली जाणारी श्रद्धा आहे. घ्यायची तर रचनेची समज घ्या.

प्रश्नकर्ता :
सोयरिकीचं अगदी मोलाचं सांगितलंत. खडा कोणाच्या विहिरीच्या पाण्याने भिजवायचा, यावरून आता घराणी पाडतो. शेवटचं एक : पुजाऱ्याला काय म्हणू? भगत, गुरव, भूमका?

प्रतिसाद :
तिन्ही शब्दांना आपापला समाज चिकटलेला आहे, वाचक तिकडेच जाईल. कामावरून नाव पाडा. मानकरी, टाळकरी तसा 'ओलकरी'.